दोन एकर वेल आणि सात हजार बाटल्या

मागच्या अंकात आमच्या घरच्या छोट्या वाइनरीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, तेव्हापासून पत्रं आणि मेसेज येतच आहेत, बरेचसे द्राक्ष बागायतदारांच्या घरांतून आणि काही पुण्या-मुंबईहून. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं होत नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून इथे लिहितेय. आम्ही दिंडोरी तालुक्यातले, तीन एकर वाइनची द्राक्षं आणि बाकी टेबलची (म्हणजे खायची), घरातले आम्ही चौघं (मी, मिस्टर, मुलगा, सून) आणि दोन कायमची माणसं, एवढाच आमचा कारभार. तेव्हा मी जे सांगते ते या आकाराच्या घराचं आहे, मोठ्या कंपनीचं गणित वेगळं असतं.

प्रश्न: काकू, आमची सहा एकर थॉमसन आहे. दोन वर्षं अवकाळीने हात दाखवला, भाव पण पडले. लहान भाऊ पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो दोन एकर बाग काढून वाइनची जात लावू आणि घरचीच वाइनरी टाकू, बँक लोन द्यायला तयार आहे. वडील म्हणतात नवीन कशाला लावता, आहे त्या थॉमसनचीच करा की वाइन. सुरुवात कुठून करायची? (दिंडोरी तालुका)

उत्तर: दादा, आधी वडिलांचं बघू. थॉमसनची वाइन होते, साखर आहे तिथे यीस्ट आपलं काम करणारच, पण त्या वाइनला ना धड वास ना चव. खायची आणि बेदाण्याची जात आहे ती. शिवाय थॉमसन पांढरी, बिन बियांची. रेड वाइनचा रंग सालीतून येतो आणि तोंडाला जो तुरटपणा लागतो तो साल आणि बी दोन्हींतून, त्यामुळे वाइनसाठी वाइनचीच जात लागते. वडिलांना सांगा की सगळी थॉमसन काढायची नाहीये, चार एकर ती राहू द्यायचीय, कारण पुढची चार वर्षं घर तीच चालवणार आहे.

आता वही घ्या आणि भावाला शेजारी बसवा. टेबलच्या बागेत आपण एकरी दहा-बारा टन बघतो, वाइनला चांगला माल हवा तर चार टनांवर थांबायचं, फार तर पाच. दोन एकरांचे आठ टन धरा. टनाला साधारण सहाशे ते सातशे लिटर वाइन पडते, म्हणजे पाच हजार लिटरच्या पुढे-मागे, आणि ७५० मिलीच्या बाटल्या होतात साडेसहा ते सात हजार. ऐकायला छोटं वाटतं. पण सात हजार बाटल्या म्हणजे वर्षाचे ३६५ दिवस, दिवाळी नाही, आषाढीचा ड्राय डे नाही, रोज १९ बाटल्या विकल्या गेल्या पाहिजेत. या रोजच्या १९ बाटल्या कोण विकणार हे भावाला विचारा. तो पुण्यात नोकरी करून शनिवार-रविवार येणार असेल तर ते उत्तर नाही झालं. मी इतक्या वर्षांत बघितलंय, वाइन करायला शिकता येतं, शिकवणारी माणसं पण मिळतात, छोट्या वाइनऱ्या बंद पडल्या त्या विकणारं माणूस घरात नव्हतं म्हणून आणि हातातली रोकड आधी संपली म्हणून.

रोकड का संपते ते बघा. जानेवारी-फेब्रुवारीत डॉगरिज नाहीतर ११०-आरचे खुंट (ज्यावर कलम करतात ती मुळाची रोपं) लावले, ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर कलम भरलं, पुढच्या वर्षी रिकट घेऊन (वेल खाली छाटून) ओलांडे (मांडवावरच्या आडव्या फांद्या) तयार केले, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात पहिली फळछाटणी, म्हणजे खुंट लावल्यापासून दोन वर्षांनी थोडासा माल आणि तिसऱ्या वर्षी भरवशाचा माल. व्हाइट वाइन असेल तर फेब्रुवारीत दाबलेली द्राक्षं त्याच वर्षी दसरा-दिवाळीपर्यंत बाटलीत जातात, रेडला अजून वर्ष-दीड वर्ष. थॉमसनची गाडी भरली की महिना-दोन महिन्यांत पैसे येतात (व्यापारी बरा असेल तर), इथे मात्र पहिला रुपया यायला चार वर्षं धरा. आणि बाटली विकली गेली तरी पूर्ण पैसा लगेच हातात नसतो. आपल्या राज्यात वाइनवर २० टक्के व्हॅट आहे, राज्यातल्या द्राक्षांपासून राज्यातच केलेल्या वाइनला त्यातले १६ टक्के परत मिळायची योजना आहे, पण आधी भरायचं आणि मग परताव्याची वाट बघायची, आणि ती वाट लांब असते. मोठ्या कंपनीला ते झेपतं, आपल्या घरात त्याच पैशात खताचं बिल आणि मजुरी असते.

मी घाबरवायला लिहीत नाहीये, आम्ही स्वतः यातून गेलोय. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाइनरीला लघुउद्योगाचा दर्जा दिला, विंचूरला आणि तिकडे सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क (वाइनऱ्यांसाठीच्या औद्योगिक वसाहती) काढले, त्याच्या थोडं आधी गंगापूर धरणाच्या बाजूला सुला कंपनीची वाइनरी उभी राहिलेली सगळ्यांनी बघितली होती, मग जिल्ह्यात एकामागे एक वाइनऱ्या सुरू झाल्या. आम्ही पण एका कंपनीशी करार करून दोन एकर शिराझ (रेड वाइनची जात) लावली. मग आली २००८ ची मंदी, त्यातच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला, हॉटेलं ओस पडली, वाइनचा खप खाली आला आणि कंपन्यांच्या टाक्या जुन्याच मालाने भरलेल्या राहिल्या. २०१० चा फेब्रुवारी मी विसरणार नाही, शिराझ २३ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आली होती, कंपनीची गाडी आज येते उद्या येते करत आलीच नाही. वाइनचं द्राक्ष बाजारात कोणी घेत नाही, बारीक मणी, बिया, जाड साल, फुकट दिलं तरी लोक दोन मणी खाऊन घड ठेवून देतात. मिस्टर रोज संध्याकाळी रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स बघायचं यंत्र) घेऊन बागेत जायचे, २४, २५, २६, मणी वेलीवरच सुकत गेले. त्या वर्षी आमच्या भागात कित्येकांनी वाइनच्या बागांना कुऱ्हाड लावली. आम्ही एक एकर काढली आणि एक ठेवली, त्या ठेवलेल्या एका एकरातूनच आजची आमची वाइनरी उभी राहिली.

म्हणून माझं म्हणणं असं की आधी एकच एकर लावा. तो माल पहिली दोन-तीन वर्षं चालू वाइनरीला द्या आणि कराराच्या कागदावर दर, ब्रिक्स, उचलायची तारीख आणि गाडी उशिरा आली तर काय हे चारही लिहून घ्या, तोंडी काही ठेवू नका. त्यानंतर लायसन्स असलेल्या एखाद्या वाइनरीत मजुरी देऊन आपल्या टन-दोन टन द्राक्षांची वाइन करून घ्या, जिल्ह्यात अशी कामं करून देणारे आहेत. पहिल्या त्या हजार-दीड हजार बाटल्या विकताना तुम्हाला कळेल की घरात हा धंदा जमणारं माणूस कोण आहे. तेवढं झालं की मग शेड, टाक्या, चिलर. आणि लोन घ्यायचं तर घ्या पण शेडसाठी सगळ्या सहा एकरांच्या सातबाऱ्यावर बोजा चढवू नका, एवढं माझं ऐकाच.

प्रश्न: आम्ही एक एकर लावायचं नक्की केलंय. शेजारी म्हणतात कॅबरनेच लावा, नाव मोठं आहे. नर्सरीवाला शिराझ म्हणतो. तुम्ही काय सांगाल? टेबलच्या बागेचा २५ वर्षांचा अनुभव आहे. (निफाड)

उत्तर: नावावर जाऊ नका. आपल्याकडे नाशिकच्या हवेत व्हाइटमध्ये शेनिन ब्लांक आणि रेडमध्ये शिराझ या दोन जाती बहुतेकांना साथ देतात, माल पण बरा येतो. सोव्हिन्यों ब्लांकचा वास फार सुंदर, पण ऊन तापलं की तो वास उडतो, चार दिवस उशीर झाला तरी फरक कळतो. झिनफंडेलचे घड दाट, आत एक मणी सडला की पसरत जातं. कॅबरने चांगली करणारे लोक आहेत, पण पहिलीच बाग असेल तर मी शिराझच सांगेन. एक माती-पाणी परीक्षण करा, पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन खुंटाबद्दल विचारा, तुमचं पाणी क्षाराचं असेल तर खुंटाची निवड जातीपेक्षा महत्त्वाची ठरते.

पण खरी अडचण तुमचा २५ वर्षांचा अनुभवच करेल, हे मी आमच्या घरातल्या अनुभवावरून सांगते. टेबलवाल्याच्या डोळ्याला मोठा मणी लागतो, जीएचं (मणी फुगवणाऱ्या संजीवकाचं) डिपिंग, पाणी, नत्र, सगळं मण्याची फुगवण डोक्यात ठेवून. वाइनला मणी बारीकच हवा, कारण रंग आणि वास सालीत असतो, मणी जेवढा बारीक तेवढी रसाच्या मानाने साल जास्त. जीए नाही, पाणी हात राखून, मणी रंगायला लागला की वेलीला थोडी तहान लागू द्यायची. मिस्टरांना पहिली दोन वर्षं ते बघवायचं नाही, रात्री गुपचूप ड्रिप चालू करून यायचे. डाउनी, भुरी हे रोग आणि मिलीबग ही कीड हे तर दोन्हीकडे सारखेच, फक्त फवारणीचा शेवटचा डोस आणि कापणी यातलं अंतर काटेकोर पाळा, गंधकाची उशिरा केलेली फवारणी टाकीत सडक्या अंड्याचा वास आणते.

अजून एक, नुसत्या ब्रिक्सवर कापणी ठरवू नका. आमच्या पहिल्याच घरच्या रेडला आम्ही साखर अजून वाढू दे, वाढू दे करत २५ पर्यंत थांबलो, पीएच (आंबटपणाचं माप, तो चढला की आंबटपणा कमी) बघितलाच नाही. तो गेला होता ३.९ वर. अशा वाइनमध्ये केएमएस (वाइन टिकवायची गंधकाची पावडर) टाकून पण फारसं राखण होत नाही, पीएच चढला की त्याची ताकदच कमी होते. मे महिन्यापर्यंत वाइन बरी वाटली, पाऊस सुरू झाल्यावर रंग विटकरी व्हायला लागला, मग गोठ्यासारखा वास, ९०० लिटर वाइन ओतून द्यावी लागली. सूनबाई तेव्हा नवीन होती, टाकीचा व्हॉल्व्ह तिने उघडला आणि आम्ही सगळे नुसते उभे होतो. आता जानेवारी अर्धा झाला की दर दोन दिवसांनी बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून शंभर मणी आणतो, उन्हाच्या बाजूचे आणि सावलीचे दोन्ही, रस काढून ब्रिक्स, पीएच आणि ॲसिड तिन्ही वहीत लिहितो. आणि मणी चावून बघतो. बी हिरवी असेल तर दातांना चिकट लागते, पिकली की तपकिरी होते आणि भाजलेल्या दाण्यासारखी कुडुम वाजते.

प्रश्न: लायसन्स घ्यायच्या आधी घरी वीस लिटरच्या कॅनमध्ये प्रॅक्टिस करून बघितली तर चालेल का? यूट्यूबवर खूप व्हिडिओ आहेत. (सिन्नर)

उत्तर: नाही चालणार. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि त्यात लायसन्सशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते वीस लिटर असो की दोन, विकायचं असो की घरच्यासाठी. उद्या तुम्हाला याच उत्पादन शुल्क खात्याकडे वाइनरीचा अर्ज करायचाय, तिथे आधीच केस नको. शिकायचंच असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या चालू वाइनरीत हंगामी कामाला जा, त्या दिवसांत सगळ्यांनाच हात कमी पडतात. दोन महिने टाक्या घासल्या, पाइप ओढले की व्हिडिओत नसलेलं सगळं कळतं. रीतसर शिकायचं तर मांजरीलाच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन टेक्नॉलॉजीचं शिक्षण आहे.

प्रश्न: काकू, मी फूड टेक्नॉलॉजी केलंय, लग्नाला तीन वर्षं झाली. नवऱ्याची आणि माझी खूप इच्छा आहे की घरच्या द्राक्षांची छोटी वाइनरी करावी. पण सासरे माळकरी आहेत, दरवर्षी वारीला जातात. विषय काढला की ते रागावत नाहीत, नुसते उठून जातात. गावात पण लोक म्हणतात दारूचा धंदा. त्यांना कसं समजवावं? (निफाड तालुका)

उत्तर: तुझं पत्र दोन-तीनदा वाचलं गं. माझ्या सासूबाई पण माळकरी होत्या म्हणून मला ते उठून जाणं माहितीय.

आधी एक गोष्ट, त्यांना वाइन म्हणजे दारू नाही वगैरे समजवायला जाऊ नकोस. मी गेले होते. मी फळांचा रस, औषधी, परदेशात जेवणाबरोबर घेतात असं सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चढते का नाही ते सांग." मी गप्प बसले, कारण चढते. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं त्यात. त्यांच्याशी खोटं बोलून आपण काही उभं केलं असतं तर ते घरात कायम टोचत राहिलं असतं. तुझ्या सासऱ्यांची श्रद्धा हा त्यांचा अडाणीपणा नाही, ती त्यांची जगायची रीत आहे, तेव्हा त्यांचं मन बदलायचं हे काम तू अंगावर घेऊच नकोस.

मग उरतं काय, तर त्यांना काय सोसेल आणि काय नाही हे विचारणं. ते पण तू नको, नवऱ्याने विचारावं, एकट्याने, बागेत काम करता करता. आमच्याकडे सासूबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. घराच्या उंबऱ्याच्या आत बाटली यायची नाही. एकादशीला शेडचं काम बंद. आणि गावात कोणाला विकायची नाही. तिन्ही आम्ही आजपर्यंत पाळतो, त्या जाऊन सात वर्षं झाली तरी. वाइनरी घरापासून लांब, दुसऱ्या गटात बांधली त्याने पाइपलाइनचा खर्च वाढला, वाढू दे म्हटलं. शेडमध्ये त्या कधी आल्या नाहीत, पण कापणीच्या दिवशी पहाटे बांधावर येऊन कॅरेट मोजत बसायच्या, त्यांचा हिशोब कधी चुकला नाही.

आणि जर ते म्हणाले की काहीच सोसणार नाही तर? तर मी सांगेन की त्यांच्या हयातीत, त्यांच्या जमिनीवर नका करू. हे तुला आवडणार नाही पण मला तसंच वाटतं. तुझं शिक्षण त्याने वाया जात नाही, नाशिकला वाइनऱ्यांच्या लॅबमध्ये, टाक्यांवर मुली काम करतायत, तू नोकरी कर, चार-पाच हंगाम घे. घरच्या शेतात द्राक्षाचा ज्यूस करता येतो, संशोधन केंद्राने मांजरी मेडिका म्हणून खास ज्यूसची जात काढलीय, गडद रंगाची, तिला माळकरी माणसाची ना नसेल. गावाचं म्हणशील तर ग्रामपंचायतीशी चांगले संबंध नसतील तर रस्त्यापासून पाण्यापर्यंत सगळीकडे अडतं, आणि गावातले लोक तुझ्यापेक्षा तुझ्या सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतील.

अजून एक. वाइनरी झालीच तर भागीदारीच्या कागदावर तुझं नाव असू दे. करणारी तू आणि नाव नवरा-दिराचं असं नको.

प्रश्न: आमचा बेदाणा आहे. तासगाव भागात वाइनची द्राक्षं लावावीत का? पलूसला वाइन पार्क आहे ना. (तासगाव)

उत्तर: पिकतील, हवा कोरडी आहे, रोग पण तुमच्याकडे आटोक्यात राहतो. पण दादा, तुमच्याकडे बेदाण्याची एवढी मोठी पेठ दारात आहे, शेड आहेत, कोल्ड स्टोरेज आहे, माल पडला तरी सुकवून ठेवता येतो. वाइनच्या द्राक्षाला घेणारे बहुतेक नाशिककडे आहेत आणि कापलेलं द्राक्ष उन्हात ट्रकमधून एवढ्या लांब न्यायचं म्हणजे अर्धी वाइन रस्त्यातच बिघडली. जवळच्या अंतरावर लेखी करार करणारी वाइनरी मिळत असेल तर अर्धा एकर लावून बघा, नाहीतर बेदाणाच बरा.

प्रश्न: आम्ही दोघं पुण्याचे, दोन वर्षांत रिटायर होऊ. नाशिकजवळ पाच एकर घेऊन छोटा व्हिनियार्ड करायचं स्वप्न आहे. घरात शेती नाही. (पुणे)

उत्तर: स्वप्न छान आहे, पण आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सहज विकत घेता येत नाही, कूळ कायद्याची अट आहे. एजंट जे शॉर्टकट सांगतील त्यात पडू नका, आयुष्याची पुंजी अडकते. एखाद्या बागायतदार कुटुंबाबरोबर रीतसर भागीदारी करा, वाइनरीच्या बाजूने. शेतकऱ्यांच्या घरात द्राक्ष पिकवणारे खूप आहेत, ज्यांची उणीव आहे ते तुमच्यासारखे लोक, म्हणजे हिशोब नीट ठेवणारे, पाहुण्यांशी बोलणारे, हॉटेलवाल्यांच्या मागे लागून वसुली करणारे. वरच्या १९ बाटल्यांचा हिशोब वाचा, ती जागा तुमची आहे.

प्रश्न: आमचं लायसन्स झालं, पहिली शेनिन बाटलीत आहे, चार हजार बाटल्या. डिस्ट्रिब्युटर म्हणतो एवढ्याशा मालात इंटरेस्ट नाही. दुकानदार स्कीम मागतात. टेस्टिंग रूम काढावी का? (नाशिक जिल्हा)

उत्तर: काढाच, आणि आधी तीच काढायला हवी होती. चार हजार बाटल्यांच्या धंद्यात डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदाराचं मार्जिन देऊन हातात काही राहत नाही. जे गिऱ्हाईक तुमच्या बागेत येऊन, वेल बघून, तुमच्याच हातची बाटली घेऊन जातं ते पुढच्या वर्षी फोन करून परत येतं. आमच्या निम्म्याहून जास्त बाटल्या शेडच्या दारातच जातात. किराणा सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने घेतला होता, एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानांसाठी, पण विरोध झाला आणि ते पुढे गेलंच नाही, तेव्हा त्या आशेवर राहू नका. दुसऱ्या राज्यात पाठवायचा विचार पण इतक्यात नको, प्रत्येक राज्याचं लेबल रजिस्ट्रेशन वेगळं, फी वेगळी, चार हजार बाटल्यांवर ती निघत नाही.

टेस्टिंग रूमला काचेचा महाल लागत नाही. सावली, स्वच्छ बाथरूम, चांगले ग्लास आणि थंड केलेली व्हाइट. आम्ही सुरुवात केली ती पत्र्याखाली दोन टेबलांवर, आणि बरोबर द्यायला सूनबाईने कांदा भजी आणि थालीपीठ ठेवलं, शेनिन त्या भज्यांबरोबर काय सुंदर लागते. लोकांना चीजपेक्षा तेच आठवणीत राहतं. बोलणारं माणूस घरचं ठेवा, पगारी मुलगा पाठ केलेलं बोलतो आणि लोकांना ते कळतं. टेस्टिंगला थोडं थोडंच ओता, आणि गाडी चालवून परत जाणाऱ्याला आम्ही ग्लासच देत नाही, त्याला द्राक्षाचा रस देतो, कोणी रागावलं तरी चालेल. नाशिक-दिंडोरी रस्ता रात्रीचा कसा आहे ते तुम्हाला माहितीय.

सोमवार ते गुरुवार कोणी येणार नाही, त्या दिवसांत गाडीत बाटल्यांची दोन खोकी टाकून नाशिकच्या, इगतपुरीच्या हॉटेलवाल्यांकडे स्वतः जा. उधारी ४५ दिवसांच्या पुढे गेली की पुढचा माल बंद. हे एकदा सैल सोडलं की आवरत नाही, आमचे एका हॉटेलात अजून अडकलेत.

प्रश्न: येत्या फेब्रुवारीत आमची पहिली कापणी घरच्या टाकीत जाणार. धाकधूक आहे. त्या दिवशी काय काय सांभाळायचं ते सांगा ना मावशी. (दिंडोरी)

उत्तर: आदल्या रात्री तुम्हाला झोप लागणार नाही, त्यामुळे पहाटे उठायचं टेन्शन घेऊ नका. चार-साडेचारला डोक्याला लाइट लावून कापणी सुरू करा, नऊच्या आत शेवटचं कॅरेट शेडमध्ये आलं पाहिजे, फेब्रुवारीत दहाला ऊन चढतं आणि गरम घड टाकीत गेला की पुढचे चार दिवस चिलर त्याच्याशीच झगडत बसतो. कॅरेट अर्धंच भरा, वरच्या वजनाने खालचे मणी फुटतात आणि तिथूनच बिघाड सुरू होतो. बायकांना आदल्या दिवशीच दाखवून ठेवा की सडका, सुकलेला, मिलीबगचा घड वेलीखालीच टाकायचा. टेबलच्या बागेत कात्रीने एक-एक मणी काढायची सवय असते त्यांना, इथे तेवढं करायला लागत नाही हे पण सांगा नाहीतर दुपार होईल.

शेडमध्ये क्रशर, प्रेस, पाइप सगळं आदल्या रात्री धुऊन ठेवा आणि सकाळी परत धुवा. व्हाइट असेल तर दाबून रस लगेच थंड करायचा, फर्मेंटेशन (आंबवणं) १४-१६ डिग्रीच्या आसपास ठेवलं तर वास टिकतो. रेड सालीसकट टाकीत जाते, २४ ते २८ चालतं, दिवसातून तीन-चार वेळा वर आलेला सालींचा थर खाली दाबायचा, रात्रीचा एक धरून. तो थर दोन दिवसांत एवढा घट्ट होतो की माणूस उभा राहील असं वाटतं, पण टाकीवर वाकून बघायची चूक कोणी करायची नाही, वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, चक्कर येऊन आत पडला तर माणूस जातो. शेडची दारं-खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा, आणि त्या दिवसांत एकट्याने शेडमध्ये रात्र काढायची नाही, हे लहान-मोठ्या सगळ्यांना सांगा.

जनरेटरमध्ये डिझेल भरलंय का ते आजच बघा. आमच्या दुसऱ्या वर्षीच्या व्हाइटचं फर्मेंटेशन तिसऱ्या रात्री लाइट गेल्यावर अडकलं, सकाळपर्यंत टाकी ३० डिग्रीच्या वर गेली, यीस्ट मेलं, गोडवा तसाच राहिला, मग नवीन यीस्ट घालून दहा दिवस टाकीशेजारी खाट टाकून मुलगा आणि सून आळीपाळीने बसले तेव्हा ते कसंबसं परत सुरू झालं. धुण्याचं लाल पाणी ओढ्यात सोडू नका, त्याला प्रदूषण मंडळाची परवानगी आणि टाकी दोन्ही लागतात, ते तुमच्या लायसन्सच्या फाइलमध्ये आहेच. दाबून राहिलेला चोथा बागेच्या कडेला खड्ड्यात शेणाबरोबर टाका, लगेच वेलीला घालू नका, आंबट असतो तो, सहा-आठ महिने कुजू दे.

आणि बाई लोकांची भाकरी सातला शेतात पोचली पाहिजे, चारपासून काम करतात त्या.